पित्तनळीतला गोल ठिपका

अण्णांच्या पित्ताशयात खडे सापडले याचं अण्णांना फारसं दुःख झालं नाही. दुःख झालं ते सोनोग्राफीच्या कागदावर 'बरेच खडे' असं लिहिलं होतं, त्याचं.

"बरेच म्हणजे किती?" त्यांनी सरकारी हॉस्पिटलच्या खिडकीपलीकडच्या माणसाला विचारलं.

"बरेच म्हणजे बरेच, काका. पुढे सरका."

अण्णा पुढे सरकले नाहीत. चौतीस वर्षं त्यांनी वजनमापं तपासणाऱ्या खात्यात निरीक्षक म्हणून काढली होती. तराजूच्या पारड्याखाली चिकटवलेला मेणाचा गोळा ते दुकानाच्या पायरीवरून ओळखत. पेट्रोल पंपावर ते गाडीतून उतरले की पंपवाल्याला आपसूक घाम फुटे. निवृत्त झाल्यावर तपासायला दुकानं उरली नाहीत, तेव्हा त्यांनी घर तपासायला घेतलं. घरातला औषधाचा चमचा पाच मिलिलिटरचा नसून चार पूर्णांक सहा दशांशचा आहे, ही बातमी त्यांनी सुनेला ती लग्न होऊन आली त्याच्या आठव्या दिवशी दिली. सून बिचारी अजून कपाटात साड्या लावत होती. अशा माणसाच्या पोटात काय आहे ते सरकारी कागदावर 'बरेच' म्हणून लिहायचं, म्हणजे जखमेवर मीठच, आणि तेही न मोजता.

समोरच्या दाराचे पोस्टमास्तर लगेच समाचाराला आले. त्यांना पूर्वी मूतखडा झाला होता, त्यामुळे जगातल्या सगळ्या खड्यांवर आपला पहिला हक्क आहे असं ते समजत.

"ऑपरेशनबिपरेशन काही नको. सकाळी उपाशीपोटी मुळ्याचा रस. माझा पडला तेव्हा टण्ण आवाज झाला होता. हिनं स्वयंपाकघरात ऐकला."

"मास्तर, पित्ताशयातला खडा तसा पडत नाही. त्याला बाहेर यायला वाट नसते."

"वाट शोधणाऱ्याला सापडते," असं म्हणून पोस्टमास्तरांनी चहाचा कप पुढे केला. अण्णांनी बायकोकडे बघितलं. माई चहा ओतण्यात गुंतल्या होत्या. पोस्टमास्तरांचं बोलणं चालू असलं की त्या कायम काहीतरी ओतत असायच्या.

सर्जन मात्र माणूस भला निघाला. हळू बोलणारा आणि ऐकून घेणारा. "छोटंसं ऑपरेशन आहे," ते म्हणाले. "पोटाला चार भोकं, दुर्बीण आत, पित्ताशय बाहेर. तिसऱ्या दिवशी घरी."

"पण एखादा खडा पिशवीतून निसटून आधीच पुढच्या मोठ्या नळीत उतरला असेल तर?" अण्णांनी घरून प्रश्न लिहून आणले होते. हा सातवा होता.

"तुमच्या रक्ताच्या रिपोर्टमुळे मलाही तीच शंका आहे. म्हणून ऑपरेशन चालू असतानाच नळीत औषध सोडून एक्स-रे काढू. औषध पांढरं दिसतं. वाट मोकळी असेल तर ते सरळ आतड्यात उतरतं, खडा असेल तर तिथे काळा डाग दिसतो."

अण्णा हरखले. तिथल्या तिथे, माल हलण्याआधी तपासणी. त्यांनी पुढचे चार प्रश्न न विचारताच कागदाची घडी घातली, आणि माईंना त्या क्षणी समजलं की आता हा माणूस हसत हसत टेबलावर चढणार.

तसे ते चढले. पुढचं त्यांना काही आठवत नाही, पण बाहेर बाकावर बसलेल्यांना ते जन्मभर पुरेल. माई होत्या, सून होती, सुनेच्या मांडीवर सोळा महिन्यांची ठमी होती, आणि धीर द्यायला म्हणून पोस्टमास्तर होते. दीड तासानं सिस्टर कागद घेऊन आली.

"फोटोत मोठ्या नळीत खडा दिसतोय. दुर्बिणीतून निघत नाहीये. पोट उघडावं लागेल. इथे सही."

माईंनी अडतीस वर्षांत अण्णांनी वाचल्याशिवाय एकाही कागदावर सही केली नव्हती. आणि इथे वाचणारा माणूस आत बेशुद्ध. त्यांनी पेन घेतलं आणि थांबल्या. पोस्टमास्तरांनी कागद ओढून घेऊन वरपासून वाचायला सुरुवात केली आणि तळाशी येऊन विचारलं, "याला गोल शिक्का कुठाय?"

"आजोबा, पेशंट उघडा आहे आत," सिस्टर म्हणाली.

सुनेनं कागद पोस्टमास्तरांच्या हातातून काढून घेतला, माईंचा हात धरून सहीच्या जागेवर ठेवला, आणि माईंनी आयुष्यातली पहिली स्वतंत्र सही केली. ती जरा वर चढली, पण चालली.

अशा तऱ्हेनं चार भोकांच्या जागी एक सोळा सेंटिमीटरचा छेद आला. (आकडा अण्णांचाच. शुद्धीवर आल्यावर त्यांनी सर्वांत आधी घरून पट्टी मागवली.) खडे निघाले, अकरा पिशवीतले आणि एक नळीतला. आतली सूज उतरेपर्यंत पित्ताला वाट हवी म्हणून मोठ्या नळीत एक रबरी नळी ठेवली होती. तिचं दुसरं टोक पोटाच्या उजव्या बाजूनं बाहेर येऊन एका प्लास्टिकच्या पिशवीला जोडलेलं होतं.

"बाराव्या दिवशी याच नळीतून औषध सोडून पुन्हा एक्स-रे काढू," सर्जन म्हणाले. "वाट मोकळी दिसली की नळी काढायची. तोवर रोज किती पित्त येतं ते लिहून ठेवा."

आणि सिस्टरनं घरी सोडताना तीनदा बजावलं, "पिशवी रिकामी करायची ती खालच्या तोटीतून. नळी आणि पिशवीचा सांधा उघडायचा नाही. काय उघडायचं नाही?"

"सांधा," अण्णा शाळेतल्या पोरासारखे म्हणाले.

घरी आले आणि दारातच घात झाला. अण्णा हॉस्पिटलात असताना ठमी चालायला लागली होती. ज्या आजोबांनी तिचा पहिला दात कोणत्या तारखेला आला ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवलं, त्यांच्याच पाठीमागे तिनं हा कारभार उरकला. आजोबा खुर्चीत टेकले तशी ती दोन्ही हात पसरून, डुलत डुलत, स्वतःच्या पायांनी त्यांच्याकडे आली. अण्णांचे डोळे भरून आले. आणि मग शर्टाखालून लोंबणारी पिवळी नळी तिला दिसली. तिनं ती घंटेच्या दोरीसारखी धरली आणि ओढली.

नळी टाक्यानं बांधलेली होती म्हणून बचावली. अण्णांच्या तोंडून निघालेला आवाज खालच्या मजल्यावर ऐकू गेला.

"नळी निघेपर्यंत पोर तुमच्या चार हात लांब राहील," माईंनी जाहीर केलं आणि अण्णांच्या खुर्चीभोवती दोन स्टुलं आणि कपडे वाळत घालायची घडीची दांडी आडवी लावून कुंपण केलं. ठमी दांडीपलीकडे उभी राहून दोन्ही हात वर करायची. "उच्च," म्हणायची. म्हणजे उचल. अण्णा आतून नुसते बघत बसायचे. तीन दिवस तिनं हात वर केले. चौथ्या दिवशी केले नाहीत. पाचव्या दिवशी पोस्टमास्तर आले, तेव्हा ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "उच्च."

पोस्टमास्तरांनी तिला खांद्यावर बसवून अख्ख्या जिन्याची सहल घडवली. रोज. अण्णा खिडकीतून बघत आणि दिवस मोजत. पोटाच्या सोळा सेंटिमीटरपेक्षा तिथे जास्त दुखत होतं, पण ते सांगणार कुणाला.

उरलेला वेळ शेजाऱ्यांनी खाल्ला. ऑपरेशनमधल्या एक्स-रेची फिल्म कुणीतरी बघायला म्हणून नेली, ती चारही मजले फिरली. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी ती खिडकीत उजेडासमोर धरून सांगितलं की हृदय जरा मोठं वाटतंय. त्या फिल्ममध्ये हृदय नव्हतंच, पण काकूंचा भाचा डॉक्टरकीला आहे, त्यामुळे कुणी वाद घातला नाही. फिल्म परत आली तेव्हा तिच्या कोपऱ्यावर चहाचा गोल डाग होता, आणि पोस्टमास्तर दोन दिवस तो खडा म्हणून लोकांना दाखवत होते.

पण अण्णांना खरी डाचत होती ती पिशवी. पिशवीवर पन्नास-पन्नास मिलिलिटरच्या रेघा होत्या आणि त्यांच्याखाली बारीक अक्षरात छापलं होतं, 'माप अंदाजे'.

अंदाजे. ज्या शब्दाविरुद्ध माणूस चौतीस वर्षं लढला, तो शब्द आता त्याच्याच पोटाला बांधलेला. शिवाय खालच्या तोटीतून पिशवी रिकामी केली तरी घड्यांमध्ये थोडं पित्त अडकून राहायचं. किती? सात मिलिलिटर? नऊ? सर्जननी लिहून ठेवायला सांगितलं आणि आपण त्यांना खोटा आकडा द्यायचा? अण्णांच्या मनात हा प्रश्न दोन दिवस घोळला. तिसऱ्या दिवशी सकाळी सव्वासहाला ते न्हाणीघरात गेले, दाराला कडी घातली, कपाटातून आणलेलं काचेचं, खात्याचा शिक्का असलेलं माप समोर ठेवलं, आणि सांधा उघडला.

पिशवी पिळून शेवटचा थेंब मापात उतरवला, माप डोळ्यांच्या रेषेत धरलं, आणि वहीत लिहिलं, दोनशे सत्याऐंशी. मग सांधा परत लावला. हात साबणानं दोनदा धुतले होते, त्यामुळे आपण सिस्टरचं ऐकलं नाही असं त्यांना वाटलंच नाही. नियम साध्या माणसांसाठी असतात, आणि मापाच्या बाबतीत आपण साधे नाही, असं त्यांनी स्वतःला समजावलं. ज्यांना त्यांनी आजवर दंड केला, तेही अगदी हेच म्हणत असत. हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

बाराव्या दिवशी सकाळीही सव्वासहालाच शेवटची नोंद झाली, एकशे चौसष्ट. मग सगळे हॉस्पिटलात निघाले. पोस्टमास्तरही. ठमी त्यांच्याच खांद्यावर होती.

एक्स-रे विभागाच्या खिडकीत फॉर्म भरायचा होता. अण्णांनी एक रकाना रिकामा ठेवला. खिडकीतल्या बाईंनी फॉर्म परत सरकवला.

"चौदा नंबर भरा."

चौदा नंबरला विचारलं होतं, 'रुग्ण गरोदर आहे काय?'

"बाई, मी सदुसष्ट वर्षांचा पुरुष आहे."

"रकाना रिकामा असला की कॉम्प्युटर घेत नाही."

मागच्या रांगेत हसू फुटलं. अण्णांच्या अंगाचा तिळपापड झाला, पण दुसऱ्याचा रिकामा रकाना त्यांनीही कधी खपवून घेतला नव्हता. त्यांनी 'नाही' लिहिलं. सुवाच्य अक्षरात.

"खाली सही. आणि कुणीतरी साक्षीदार."

"द्या इकडे," पोस्टमास्तर म्हणाले. "मी ओळखतो यांना. नाहीत."

आतलं टेबल बर्फासारखं गार होतं. एक्स-रे काढणारी मुलगी चटपटीत होती. सर्जन आले, वही चाळली आणि थांबले.

"इतकी नेमकी नोंद मी कधी पाहिली नाही. दोनशे सत्याऐंशी? बाकीचे लोक 'अर्धी पिशवी' लिहून आणतात." त्यांनी वही त्या मुलीला दाखवली. "बघ, याला म्हणतात पेशंट."

ऑपरेशन झाल्यापासून पहिल्यांदाच अण्णांची मान ताठ झाली.

मुलीनं नळीत औषध सोडलं. पडद्यावर पांढरी रेघ उमटली, वर फांद्या फुटल्या, अण्णांचं आतलं झाड हळूहळू उजळत गेलं. आणि त्या पांढऱ्या बुंध्यात एक काळा ठिपका होता.

सर्जननी चष्मा वर केला आणि खाली घेतला.

"एक खडा राहिलाय, काका," ते हळू आवाजात म्हणाले. "घाबरू नका. नळी अजून सहा आठवडे ठेवू. मग याच नळीच्या वाटेनं दुर्बीण घालून खडा काढता येईल."

सहा आठवडे. अण्णांना बेचाळीस दिवस दिसले, दांडीपलीकडचे. सोळा महिन्यांच्या पोरीला बेचाळीस दिवसांनी आजोबा आठवतील का, आणि आठवले तरी कुणाच्या खांद्यावरून. त्यांनी मान वळवून पडद्याकडे पाहिलं. वाईट बातमीही एकदा स्वतःच्या डोळ्यांनी तपासल्याशिवाय त्यांना मान्य होत नसे.

ठिपका गोल होता. नुसता गोल नाही, कंपासनं काढल्यासारखा गोल. अण्णांचे बारा खडे बाटलीत घरी होते, त्यांतला एकही गोल नव्हता. कुठे टोक, कुठे कंगोरा. त्यांना खोकला आला, आणि ठिपका टुणकन एक केसभर वर सरकला.

अण्णांनी हजारो मापांत द्रव ओतलेला होता. द्रवात इतकी गोल आणि खोकल्यासरशी वर उडी मारणारी एकच वस्तू त्यांना माहीत होती. माप वाचायच्या आधी ती काढून टाकायची असते, हे त्यांनी नव्या निरीक्षकांना पहिल्या दिवशी शिकवलं होतं.

"साहेब, हा खडा नाही. हवेचा बुडबुडा आहे."

"असू शकतो," सर्जन समजुतीनं म्हणाले. "पण औषध भरताना हिनं हवा काढलीय. मी स्वतः पाहिलं. मग हवा येणार कुठून?"

हवा कुठून आली ते खोलीत एकाच माणसाला माहीत होतं.

काचेपलीकडे माई उभ्या होत्या. ती चटपटीत मुलगी, जिच्या पुढ्यात अजून त्यांची वही उघडी होती, जवळच उभी होती. ज्या वहीचं आत्ताच कौतुक झालं, ती वहीच गुन्ह्याचा पुरावा होती, रोजच्या तारखेसह. बोलावं तर चौतीस वर्षांची अब्रू जाते आणि न बोलावं तर बेचाळीस दिवस. पारडी बराच वेळ हलली. आपल्यासमोर असे कितीतरी दुकानदार घामेघूम उभे राहिले होते, आणि आपण त्यांना म्हणायचो, खरं सांगून टाक बाबा, सुटशील. सांगून टाकणं इतकं जड असतं हे तेव्हा कुणी सांगितलं नाही.

"नळीचा सांधा मी उघडत होतो," ते छताकडे बघत म्हणाले.

"कधी?"

"रोज. सव्वासहाला. पिशवीवर माप अंदाजे लिहिलंय. आजही उघडला."

सर्जननी वही हातात घेतली, एकशे चौसष्टच्या आकड्याकडे पाहिलं, मिटली. मग ते जे बोलले ते आवाज न चढवता बोलले, म्हणून जास्त लागलं. त्यात जंतू होते, ताप होता, पिकलेलं यकृत होतं, आणि शेवटी, "शिकलेल्या माणसानं असं करावं?" हे होतं. अण्णांनी सगळं मुकाट ऐकून घेतलं. दंड कमी करा असं ते म्हणाले नाहीत.

"टेबल उभं कर," सर्जन त्या मुलीला म्हणाले. "डोक्याची बाजू वर. खडा असेल तर खाली जाईल. बुडबुडा असेल तर वर चढेल."

टेबल घरघरत कलू लागलं. अण्णा पट्ट्यांना लटकून पडद्यावर नजर लावून होते. माई काचेला नाक लावून. ठिपका थरथरला. खाली जातो की काय असं क्षणभर वाटलं. मग तो ऐटीत, कुणाची घाई नसल्यासारखा, बुंध्यातून वर निघाला, फांदीत शिरला आणि डहाळीच्या टोकाला जाऊन बसला.

"चढला," ती मुलगी म्हणाली.

"चढला," सर्जन म्हणाले, आणि त्यांच्या तोंडावर हसू फुटलंच. "आता पुन्हा औषध. हवा काढून. आणि काका, हात लांब ठेवा."

पुन्हा औषध गेलं. या वेळी पांढरी रेघ बिनडागाची उतरली, खालच्या अरुंद तोंडाशी क्षणभर घुटमळली, आणि आतड्यात सांडली. अण्णांनी आयुष्यात पुष्कळ द्रव वाहताना पाहिले होते. इतका देखणा एकही वाहिला नव्हता. सर्जन सावकाश म्हणाले, "वाट मोकळी. पण तुम्ही खरं सांगितलं नसतंत तर मी हाच ठिपका सहा आठवडे सांभाळत बसलो असतो."

दुसऱ्या दिवशी नळी निघाली. टाका कापला, "श्वास घ्या," म्हणाले, आणि श्वास पुरता घ्यायच्या आत ती बाहेर होती. अण्णांनी वेळ मोजायची ठरवली होती. राहून गेली.

इमारतीत बातमी त्यांच्याआधी पोचली होती, ती अशी की अण्णांनी टेबलावर पडल्या पडल्या डॉक्टरांची चूक पकडली. जिन्यात सगळे मजले उतरून आले होते. काकू म्हणाल्या, भाच्याला हे सांगायलाच हवं. अण्णांनी खुलासा करायला तोंड उघडलं, पण माई आधी बोलल्या.

"पकडली खरी. कुणाची, ते मी सांगत नाही."

घरात येऊन अण्णा खुर्चीत बसले. सुनेनं दांडी घडी करून भिंतीला टेकवली, स्टुलं उचलली. ठमी पोस्टमास्तरांच्या खांद्यावर होती. त्यांनी तिला खाली सोडलं आणि बाजूला झाले, ही त्यांची माणुसकी मान्य करायला हवी.

"डॉक्टर म्हणालेत, महिनाभर जड उचलायचं नाही," माईंनी आठवण करून दिली. "ती साडेनऊ किलो आहे."

"नऊ किलो सातशे," अण्णा म्हणाले. "मी उचलणार नाही. तिला यायचं तर ती येईल."

ठमी आली नाही. ती मध्येच उभी राहिली आणि आजोबांकडे संशयानं पाहू लागली. पुढचं पाऊल टाकलं, थांबली. मग खुर्चीपाशी येऊन तिनं अण्णांच्या शर्टाचं टोक धरलं आणि सगळ्यांदेखत वर केलं. आधी उजवी बाजू पाहिली. मग डावी. मग खाली वाकून खुर्चीच्या मागे पिशवी लपवली आहे का ते पाहिलं. पट्टीवर एक बोट हळूच टेकवलं, वर आजोबांच्या तोंडाकडे पाहिलं, ते ओरडत नाहीत याची खात्री करून घेतली.

अण्णा पोट उघडं टाकून, हात वर करून, श्वास रोखून बसले होते. आजवर त्यांच्यासमोर कुठलाही दुकानदार इतका शहाण्यासारखा उभा राहिला नव्हता.

ठमीनं शर्ट खाली ओढला, एकदा थोपटला, आणि त्यांचा गुडघा धरून स्वतःच्या हिकमतीनं, कुणाची मदत न घेता, मांडीवर चढून बसली.